एका नंबरचे दोन फोन

फोनची नवी पेटी कुठे ठोकायची यावरच अर्धी सकाळ गेली. नळ-पाइपांचं एकच दुकान, मध्ये प्लायवूड उभं करून दोन केलेलं. अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा. पेटी थोरल्याच्या भिंतीवर लावावी तर धाकटा म्हणणार, सगळ्या वायरी त्याच्या हातात गेल्या. धाकट्याच्या भिंतीवर लावावी तर थोरला तेच म्हणणार. आणि सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नसल्यामुळे हे सगळं पेटी बसवायला आलेल्या बिचाऱ्या फोनवाल्याने ऐकायचं, एकदा या दारातून, एकदा त्या दारातून. शेवटी वैतागून त्याने पेटी प्लायवूडच्या वरच्या कडेवर बसवली. कुंपणावर मांजर बसावं तशी ती बसली.

पेटीचं काम तसं सोपं होतं. दुकानाचा नंबर वडिलांच्या वेळचा, सगळ्या गिऱ्हाइकांना तोच पाठ. तो आता इंटरनेटवरून या पेटीत येणार आणि पेटी दोन्हीकडचे फोन एकदम वाजवणार. जो आधी उचलेल त्याचं गिऱ्हाईक. आजवर एकाच वायरला दोन फोन होते. एक बोलायला लागला की दुसरा हळूच रिसीव्हर उचलून कान लावायचा आणि मागाहून त्याच गिऱ्हाइकाला कमी भाव सांगायचा. हे दोघंही करत होते आणि दोघंही दुसऱ्याला चोर म्हणत होते. आता आज ठेकेदाराचा फोन यायचा होता. मोठ्या इमारतीचं काम, तळापासून गच्चीपर्यंतचे पाइप. ते काम ज्याला मिळेल त्याचं दुकान तरणार आणि दुसऱ्याचं बसणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून तर ही घाई.

फोनवाल्याने दोन्ही दारांच्या मधोमध स्टूल मांडून लॅपटॉप उघडला, तशी त्याच्या दोन खांद्यांवरून दोन डोकी पुढे आली. काय लिहिलंत, का लिहिलंत, ते पुसलंत कशाला. थोरल्याच्या फोनची वायर त्याने पेटीच्या एक नंबरच्या खाचेत घातली, धाकट्याची दोन नंबरच्या. धाकट्याचा चेहरा लगेच उतरला. या आकड्यांना काही अर्थ नसतो, असं फोनवाल्याने त्याला बराच वेळ समजावलं. अर्थ नसतो तर एवढं समजावता कशाला, असं धाकट्याने विचारलं. फोनवाला पुढच्या कामाला लागला. पेटीच्या पासवर्डची तर आणखीच गंमत. अर्धा थोरल्याने टाइप केला तेव्हा धाकट्याने पाठ फिरवली, अर्धा धाकट्याने केला तेव्हा थोरल्याने. म्हणजे उद्या काही बदलायचं तर दोघांनी एकत्र यायला हवं. म्हणजे काहीच बदलणार नव्हतं.

मग थोरल्याने फोनवाल्याला आत बोलावलं, पंखा त्याच्याकडे वळवला आणि आवाज खाली आणला.

"मी बोलताना पलीकडे ऐकू जाईल का?"

"नाही," फोनवाला म्हणाला. "एकाने उचलला की दुसऱ्याचा फोन मुका."

थोरल्याने मान हलवली. पण त्याच्या मनात आलं, एवढ्या पटकन नाही म्हणाला, म्हणजे धाकट्याने याला आधीच पढवून ठेवलंय. मग धाकट्याने बोलावलं. त्यानेही नेमकं तेच विचारलं. एकच उत्तर पुन्हा द्यायचा कंटाळा येऊन फोनवाला जरा थांबला आणि मग नाही म्हणाला. थांबला! धाकट्याला तेवढं पुरे होतं, कुठेतरी पाणी मुरतंय हे त्याने ओळखलं. आणि दोघांनी आपापल्या गल्ल्यावर बसून एकच शहाणपणाचा बेत केला, की आधी त्याला उचलू द्यायचा, मग आपण उचलायचा. काय ऐकू येतं ते कळेलच.

फोनवाला रस्त्यावर आला आणि मोबाइलवरून दुकानाचा नंबर लावून बघणार, तेवढ्यात दोन्ही फोन आपणहून वाजले. दोन्हींच्या पडद्यावर एकच नंबर होता. ठेकेदाराचा.

रस्त्यावरून फोनवाल्याला दोन्ही दुकानं दिसत होती. थोरल्याचा हात रिसीव्हरवर, कान प्लायवूडला. धाकट्याचा हात रिसीव्हरवर, कान प्लायवूडला. घंटी वाजतच होती. जीव दोघांचाही टांगणीला लागला होता, पण हात काही वर येईना. फोनवाला ओरडला की अहो, उचला कुणीतरी. दोघांनीही त्याला बोटाने गप्प केलं.

घंटी थांबली. जरा वेळाने पुन्हा वाजली, पुन्हा थांबली.

मग समोरच्या रांगेतल्या पाइपवाल्याचा फोन वाजला. त्याने तो पहिल्याच घंटीला उचलला. "बोला ठेकेदार, बोला," असं तो म्हणाला ते रस्ताभर ऐकू गेलं.

दोघं भाऊ आपापल्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी समोर पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. थोरल्याला रडू येईलसं वाटत होतं. पण तो फोनवाल्याकडे वळला.

"तुमची पेटी खराब आहे."

फोनवाला म्हणाला की पेटी व्यवस्थित वाजली, दोनदा वाजली, अख्ख्या रस्त्याने ऐकली. तुमच्यापैकी एकानेही उचलला नाही, त्याला पेटी काय करणार?

धाकटा आपल्या दारातून निघाला आणि थोरल्याच्या दारात, त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

"दादा म्हणतोय ते बरोबर आहे," तो म्हणाला.