उलटा वाघ

अग्निशमन दलाच्या जवानांच्या डाव्या दंडावर वाघाचा बिल्ला असायचा, वाघाचं तोंड कायम पुढं. 'वाघ जिकडं, जवान तिकडं' ही तिथली म्हण. पण संपावर बसलेल्या कामगारांवर पाण्याचा मारा करायला एका तुकडीनं साफ नकार दिला. साहेबांचं पित्त खवळलं. शिक्षा म्हणून नवे बिल्ले मिळाले: वाघाचं तोंड मागं, पळपुट्यासारखं. तुकडीच्या म्होरक्याची बायको सुई घेऊन तणतणली, "उजव्या दंडावर शिवते, म्हणजे मेला आपोआप पुढं बघेल!" "नको गं, डावीकडंच शिव," म्होरक्या मिशीत हसला. संचलनात सलामीच्या मंचासमोर तुकडी आली ती उलट्या पावली, पाठीकडं चालत, एका तालात. दंडावरचे वाघ मात्र ऐटीत पुढं निघाले होते. साहेब लालबुंद झाले. "हा काय पोरखेळ?" म्होरक्यानं कडक सलाम ठोकला. "वाघ तुम्ही फिरवलात, साहेब. आमचं काय, वाघ जिकडं, जवान तिकडं!"