चढावर बंद पडणारी गाडी

“माझ्या गाडीला हात लावू नकोस,” तो म्हणाला, तोवर तिने मोटारसायकलची सीट काढून बाकावर ठेवलीसुद्धा होती.

“हात कोण लावतंय तुमच्या गाडीला? पाना लावतेय.”

रागावली की ती नवऱ्याला अहो-जाहो करायची. आज सकाळपासून तिच्या तोंडून एकदाही ‘तू’ आलं नव्हतं.

गॅरेज तिच्या वडिलांचं. त्यांचे गुडघे गेल्यावर तिने चालवायला घेतलं आणि लग्नानंतर तो पुढच्या काउंटरवर सुटे भाग विकायला बसला. लोक घरजावई म्हणत, ते त्याने कसंबसं गिळलं होतं. पण काल एका गिऱ्हाइकाने त्याला चेनबद्दल काहीतरी विचारलं आणि ही आतून ओरडली, “त्यांना काय विचारताय, ते नुसते बसतात तिथे!” गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं. त्याने तिथल्या तिथे काउंटर बंद केलं आणि वर जाऊन बॅग भरायला घेतली. डोंगरापलीकडे त्याच्या मित्राचं दुकान होतं. तिथली भागीदारी त्याची वाट बघतेय, असं निदान तो तरी म्हणायचा.

असा तो याआधीही दोनदा घर सोडून निघाला होता. दोन्ही वेळा संध्याकाळी परत आला आणि दोन्ही वेळा कारण एकच सांगितलं. चढावर इंजिनातलं तेल एअर फिल्टरमध्ये गेलं, गाडी धापा टाकायला लागली, बंद पडली. डोंगरात पळवायच्या या उंच गाड्यांची ही खोड तिला ठाऊक होती, त्यामुळे तिने शंका घेतली नाही. गाडी मात्र त्याने तिला कधी उघडू दिली नाही. माझं मी बघतो, हे त्याचं ठरलेलं. अख्ख्या गल्लीतल्या गाड्या तिच्या हाताखालून जात, एकट्या नवऱ्याची सोडून.

या खोडीवर इलाज म्हणजे ब्रीदर किट. एक नळी, एक झडप, एक छोटी डबी. इंजिनाची तेलकट वाफ फिल्टरकडे न जाता त्या डबीत जाते आणि गाडी वाटेल तेवढा चढ चढते. मागच्या वेळी तो परत आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने ते मागवून ठेवलं होतं. आज सकाळी तो बॅग घेऊन खाली उतरला, तर ही खोकं फोडून बसलेली. ‘जा’ म्हणण्याचा याहून उघड प्रकार त्याने पाहिला नव्हता.

वरच्या खिडकीतून सासऱ्यांचा आवाज आला, “जावईबापू, जेवायला किती वाजता परत?”

खाली कोणी हसलं नाही.

तिने डबी फ्रेमला आवळली. इंजिनाकडची जुनी नळी उपसून काढली, नवी चढवली, क्लिप करकचून पिळली. मग झडप हातात घेतली. हवा कुठल्या दिशेने जायची त्याचा बाण तिच्यावर होता.

“उलटी बसव मुद्दाम,” तो म्हणाला. “वाटेत इंजिनाचं सील फुटेल, तेल चाकावर येईल, मी आपटेन. सुटशील एकदाची.”

तिने झडप तोंडाला लावून फुंकून पाहिली. एका बाजूने हवा गेली, दुसऱ्या बाजूने अडली. मग बाणाच्या दिशेने ती नीट बसवली आणि बाजूला सरकून त्याला दाखवली.

“सील फुटलं तर तुम्ही परत याल,” ती म्हणाली. “मला तेच नकोय.”

हे त्याला लागलं. तो उगाच बॅगेचा पट्टा आवळत राहिला. बोलून तिलाही बरं वाटलं नव्हतं. पण बोललेलं मागे घ्यायची त्या घरात कुणालाच सवय नव्हती.

आता एकच काम उरलं होतं. एअर फिल्टरचं झाकण उघडायचं आणि तेलाने भिजलेला फिल्टर फेकून नवा घालायचा. तिने स्क्रू ड्रायव्हर उचलला.

“ते राहू दे,” तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. “ते मी बघतो.”

“तेल प्यायलेल्या फिल्टरवर कुठवर जाणार आहात?”

“राहू दे म्हणतो ना!” त्याने पुढे होऊन झाकणावर हात ठेवला.

तिने तो झटकला आणि एकेक करत चारही स्क्रू काढले.

फिल्टर कागदी होता. असल्या कागदाला एकदा तेल लागलं की डाग कधी जात नाही. यावर डाग नव्हता. गाडी घेतली तेव्हाचा कारखान्याचा शिक्का जसाच्या तसा होता. घड्यांमध्ये कित्येक वर्षांची धूळ होती, तीही भुरभुरीत. तिने आत बोट फिरवलं. फिल्टरच्या डब्याचा तळ चाचपला. सगळं कोरडं. इथे तेलाचा थेंबही कधी आला नव्हता. चढावर ही गाडी कधी बंद पडलीच नव्हती.

तिने मान वर केली. तो दाराकडे तोंड करून उभा होता. कान लालभडक झाले होते.

“काय गं,” वरून वडील ओरडले, “निघतोय का तो?”

तिने झाकण लावलं. चारही स्क्रू घट्ट पिळले. मग बोट फडक्याला बराच वेळ पुसत राहिली.

“कसला निघतोय, बाबा!” ती ओरडली. “फिल्टर पार तेलात बुडालाय!”

आणि आवाज खाली आणून नवऱ्याला म्हणाली, “तू बॅग वर ठेवून ये.”