शहाणं बाळ

“बाळ इतकं कसं झोपतं गं? जरा लक्ष ठेव,” शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या. “दृष्ट नका हं लावू,” म्हणत तिने ते हसण्यावारी नेलं. दिवसभर वाईनचे घोट घ्यायचे, वास-चव टिपून ठेवायची आणि थुंकायचं, हे तिचं काम. घरी बाळ सांभाळायला तिची सख्खी आई होती, मग घोर कसला?

त्या संध्याकाळी तिने झोपलेल्या बाळाचा पापा घेतला आणि नाकाने सवयीने पारख केली. पिकलेलं सफरचंद, मध, शेवटी ओलं लाकूड. ती नेहमी घरी आणायची त्या नमुन्याच्या बाटल्यांपैकी कालचीच वाईन!

“आई, काय पाजलंस याला?”

“ओरडतेस काय? चमचाभर तर देते. तुलाही द्यायचे, म्हणून तर शहाण्यासारखी झोपायचीस.”

तुमचं बाळही फार शहाणं आहे? उठा, आधी त्याचं तोंड हुंगून या.