बाबांच्या फुलपात्रातलं पाणी

कौमुदीचे वडील, माधवराव, ज्या जागी गेले तिथे तिने दिवा लावला होता आणि शेजारी पाण्याने भरलेलं फुलपात्र ठेवलं होतं. रोज सकाळी ते पाणी तुळशीला घालायचं आणि ताजं भरून ठेवायचं, असं गुरुजींनी सांगितलं होतं.

तळेगावातल्या त्यांच्या सोसायटीची बोअर आटली होती आणि टँकरचाही पत्ता नव्हता. त्या सकाळी कौमुदीने फुलपात्र उचललं, क्षणभर घुटमळली आणि ते पाणी पिण्याच्या माठात ओतलं. बाबांनीसुद्धा ते वाया जाऊ दिलं नसतं.

चहाआधी आईने माठातलं पाणी मागितलं. मग पुन्हा मागितलं. दुपारपर्यंत माठ रिकामा झाला, तरी तिचे ओठ भेगाळलेलेच होते.

शेजारची राजेश्वरी बाटली घेऊन आली. "काकू, सावकाश, ठसका लागेल! आणि कौमुदी, ही शेवटची हं. आता टँकरवाल्याचीच आरती करायची बाकी आहे."

आईने बाटली तोंडाला लावली ती संपवूनच खाली ठेवली. मग ती राजेश्वरीकडे एकटक बघत राहिली. राजेश्वरीचं हसू विरलं. रिकामी बाटली तिथेच टाकून ती निघून गेली.

"आई, मी डॉक्टरांना फोन करते."

"कशाला? बस इथे."

आईने तिचं मनगट धरलं. तो हात वाळक्या पानासारखा खरखरीत लागला. आईचा अंगठा हळूहळू सरकत निळ्या शिरेवर येऊन थांबला.

"इथे आहे की अजून," आई मायेने म्हणाली.