राहिलेली चप्पल

"पाय बघायला डॉक्टर कशाला? नखं माझा न्हावी काढतो!" निवृत्त फौजदार रणनवरे टेबलापलीकडून गरजले.

पायांच्या दवाखान्यातली शाल्मलीची ही शेवटची परीक्षा. पेशंटनं पुढची तारीख घेतली तर पास, तो तणतणत निघून गेला तर वर्ष वाया. परीक्षक बाई कोपऱ्यात बसल्या होत्या, मांजर उंदराच्या बिळाशी बसतं तशा.

"आजोबा, मधुमेह जुना आहे तुमचा. तळव्यांना स्पर्श कळतो ना?"

"न कळायला काय झालंय? तुझ्यासारख्या दीडशहाण्या खूप पाहिल्यात मी. चाललो!"

ते ताडताड दारापर्यंत गेले. बाईंनी पेन उघडलं. तेवढ्यात शाल्मलीला खुर्चीखाली चप्पल दिसली.

"आजोबा, एक चप्पल राहिली."

"पायातच आहे की माझ्या! डोळे फुटले का तुझे?"

मग त्यांनी खाली पाहिलं. डावं पाऊल गार फरशीवर उघडं होतं. फौजदार ते हलवून बघत राहिले.

शेवटी ते परत येऊन बसले.

"घरी फोनबिन करायचा नाही," ते दरडावायला गेले, पण आवाज चढेना. "पुन्हा कधी येऊ, बाळ?"