मागं बसलेला माणूस

"पहिले तुमीच चालवा, भाऊ. मी मांगं बसतो," गिऱ्हाईक म्हणालं आणि पियुष कव्हर काढता काढता थांबला.

गाडी देवळीतल्या त्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानामागं शेडमध्ये उभी होती. साडेसहाशे सीसीची, करडी, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या; एका दमात गोव्याला नेऊन सोडेल अशी. गेले कित्येक महिने मात्र ती जागची हलली नव्हती. दर रविवारी पियुष चेनला तेल घालायचा, टायरातली हवा बघायचा, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचा आणि पुन्हा कव्हर ओढायचा. शेजाऱ्यांना वाटे, काय जीव आहे याचा गाडीवर! खरी गोष्ट अशी होती, की तिच्यावर बसायची त्याला भीती वाटायची. एवढा सहा फुटी गडी, पण बाजारातसुद्धा बायकोच्या स्कूटीवर मागं बसून जायचा.

म्हणून तर ती विकायची होती, आणि आजच. डोळ्यांसमोरून एकदाची गेली, की झोप तरी लागेल असं त्याला वाटत होतं.

गिऱ्हाइकाचं नाव राकेश. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं शांत. नागपुरात त्यानं एक निळी गाडी पाहून ठेवली होती. दोन्हींत जी बरी, ती घेणार होता.

वेळ काढायला पियुषनं गाडीचे गुण गायला सुरुवात केली.

"तुमची निळी हलकी हाय, मान्य. पण हलकी गाडी हायवेवर वाऱ्यानं हालते. हिची काच पाहा. दिवसभर चालवा, छातीवर हवा लागत नाई."

"मेंटेनन्स?"

"टाइमावर ऑइल बदलवा, चेनकडं लक्ष ठेवा. बाकी काई मागत नाई बिचारी."

"कदी पडली काय?"

"नाई," पियुष म्हणाला. जरा घाईनंच म्हणाला. टाकी नवी होती, हेडलाइट नवा होता, रंगही नवा. कोणाला कळायचं कारण नव्हतं.

राकेशनं मागच्या सीटवरून हात फिरवला. "मले यातलं फार समजत नाई, भाऊ. पण मायी आई लय भेते. तिले एकच गोष्ट मालूम करायची हाय. मांगं मानूस बसला असन, तं गाडी टाइमावर थांबते का नाई?"

आता दुकानदाराची जीभ ती. सुटली की आवरते थोडीच! "थांबते का म्हंजे? पुढं दोन डिस्क हायेत, एबीएस हाय. दोघं बसा, पेट्या ठासून भरा, साठच्या स्पीडवर ब्रेक दाबला का खुंट्यावानी उभी राह्यते."

"मंग दाखवा."

पियुषनं चावी पुढं केली. "तुमीच पाहा ना चालवून."

"ना भाऊ. मले तुमच्याच मांगं बसून पाह्यचं हाय."

हेल्मेटचा पट्टा लावायला त्याला तीनदा खटपट करावी लागली. गावाबाहेर आल्यावर त्यानं वर्ध्याकडं वळायला इंडिकेटर दिला, तर मागून खांद्यावर हात आला. "यवतमाळ साइडले घ्या. रस्ता मोकळा हाय."

नेमका तोच रस्ता.

वर्षापूर्वी इथंच, भिडी गावाच्या अलीकडं, याच गाडीवर त्याच्या मागं नागसेन बसला होता. तळेगावचा, त्यांच्या रायडर ग्रुपमधला, हसरा पोरगा. रस्त्यात नीलगाय होती. पियुष दोन महिने दवाखान्यात राहिला. नागसेन दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही. नीलगाय बराच वेळ रस्त्यात उभी होती, हे शेतातल्या बायांनी पाहिलेलं, त्यामुळं एकाएकी आडवी आली असं म्हणायची सोय नव्हती. पियुषनं जबाबात सांगितलं, की ती शंभर पावलांवरून दिसली, स्पीड साठच होता, पण मागं माणूस असल्यामुळं गाडी थांबली नाही. सगळ्यांना पटलं. नागसेनच्या घरी जायचं धाडस मात्र त्याला शेवटपर्यंत झालं नाही.

काटा चाळीसवर आला. समोर कापसाचा ट्रॅक्टर. त्याला ओलांडताना पियुषनं श्वास रोखून धरला. हँडल आपण धरलंय की हँडलनं आपल्याला, हे त्याला कळेना.

"साठ करा," मागून आवाज आला.

पन्नास. पंचावन्न. साठ. खांद्यावरच्या हातांचं वजन सहन होईना. आता मेलो, असं त्याला अगदी स्पष्ट वाटलं.

किलोमीटरचा दगड मागं पडला आणि राकेशनं थाप मारली. "आता!"

पियुषनं डोळे मिटून ब्रेक आवळला. गाडीनं पुढं नाक खुपसलं, थरथरली आणि सरळ रेषेत उभी राहिली.

त्यानं डोळे उघडले. रस्ता रिकामा होता. आपण जिवंत आहोत. त्याला एकदम हसू आलं, रडूही आलं. वर्षाची भीती अशी एका दाबात निघून जाईल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"पाह्यलं?" तो ओरडलाच. "सांगितलंतं ना तुमाले!"

राकेश उतरला. मागं चालत किलोमीटरच्या दगडापाशी गेला, आणि तिथून गाडीपर्यंत एकेक पाऊल मोजत आला. चिकट गिऱ्हाईक आहे, पियुषच्या मनात आलं. पण सौदा झाला म्हणायचा. विकावी तरी का आता, असंही क्षणभर वाटून गेलं.

राकेशनं फोन काढला.

"आई, थांबते. मी मांगं बसलो होतो. साठवर एक्केचाळीस पावलांत थांबली."

पलीकडून बाई काहीतरी विचारत होती. ऐकता ऐकता राकेशनं पहिल्यांदाच पियुषच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"हो आई," तो म्हणाला. "आपल्या नागसेनच्या टाइमले गाडी साठवर नव्हतीच."