कोळशेतची टाकी

टाकी पुन्हा लोंबली होती.

विश्राम मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि कपाळ पुसत म्हणाला, "डॉक्टर, मागच्या महिन्यातच पट्ट्या बदलल्या. पुन्हा ताणल्यात. बोल्ट तर लाकडातून उपसून आलेत."

डॉक्टर टिपणीस गोंधळले. गाडी कल्याणच्या लष्करी छावणीतून लिलावात घेतलेली जुनी अँब्युलन्स. ट्रस्टने तिचा फिरता दवाखाना केला होता. तळाला दोन लोखंडी पट्ट्यांवर पाण्याची मोठी टाकी टांगलेली, मागे तिची तोटी. डॉक्टरांना लागायचं ते हात धुण्यापुरतं पाणी. टाकी पाव भरली तरी पुष्कळ.

"काळुराम, टाकी किती भरतोस?"

ड्रायव्हर काळुरामने आधी डॉक्टरांच्या बायकोकडे, सुमतीबाईंकडे पाहिलं. मग म्हणाला, "बादली-दोन बादल्या, साहेब."

"ऐकलंस, मिस्त्री? मग ही लोंबते कशी?"

"ते मला काय ठाऊक? भरल्या टाकीशिवाय असं होत नाही एवढं खरं. आणि तोटीखालच्या फळीवर हे गुलाबट-लालसर डाग कसले?"

"गंज," डॉक्टर म्हणाले. वैद्यकी सोडून इतर विषयांत ते फार चटकन निदान करत.

विश्रामने जॅक लावून टाकी वर उचलली. पट्ट्यांच्या जोडीला आडवे अँगल टाकले, टाकी आणि अँगल यांच्यामध्ये जाड फळी सारली, वर गोणपाटाची घडी घातली. "आता हत्ती बसवा," तो म्हणाला. सुमतीबाईंनी त्याला स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. "घट्ट बसलीय ना हो?" त्यांनी दोनदा विचारलं.

डॉक्टरांना मात्र रात्री झोप लागेना. दारूबंदी येऊन फार दिवस झाले नव्हते आणि खाडीकाठी भट्ट्या लागतात हे ठाण्यात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दवाखान्याची गाडी नाक्यावर कोणी अडवत नसे. काळुराम नजर चुकवत होता. दोन आणि दोन चारच होतात.

आणि नेमके येत्या गुरुवारी ट्रस्टचे हरिहरपंत कारखानीस कोळशेतला, गाडी दर आठवड्याला जाई त्या खाडीकाठच्या गावी, येणार होते. पेशंट येतात की नाही ते डोळ्यांनी बघायचं आणि गाडी चालू ठेवायची की विकून टाकायची ते ठरवायचं, असा त्यांचा बेत होता. पेशंटची डॉक्टरांना काळजी नव्हती. काळजी टाकीची होती.

ठाण्यातला त्यांचा स्वतःचा दवाखाना चालला नाही, हे खरं. दिवसभर खुर्चीत बसून रस्ता बघायचा आणि संध्याकाळी फळी लावायची. कोळशेतलाही सुरुवातीचे काही गुरुवार कुत्रं फिरकलं नाही. मग पुढे सुमतीबाई कंपाउंडर म्हणून सोबत यायला लागल्या, त्याच सुमारास डॉक्टरांच्या गुलाबी मिक्श्चरचा गुण गावात पसरला. आता गाडी थांबायच्या आत रांग लागे. प्रत्येकीच्या हातात स्वतःची रिकामी बाटली. पाणी भरायला निघालेल्या बायकासुद्धा काखेतल्या हंड्यासकट थांबून आधी पोट दाखवून घेत. डॉक्टर तपासत, सुमतीबाई बाटलीत औषध ओतत, आणि बाई गाडीच्या मागून निघून जाई. या वयात हे सुख मिळालं म्हणून डॉक्टर मनातल्या मनात रोज हात जोडत. ते गेलं असतं तर ते पुन्हा उभे राहिले नसते.

गुरुवारी सकाळी काळुराम चहाला गेला तेव्हा डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला आणि तोटी सोडली. भळाभळा धार लागली. वास नाही. त्यांनी ओंजळ भरून चाखलं.

पाणी. ठाण्याच्या नळाचं, गोडं, साधं पाणी. काठोकाठ.

त्यांचा जीव भांड्यात पडला आणि गोंधळ आणखी वाढला. एवढं पाणी कशाला ओढत न्यायचं? शेवटी काळुरामचा बिनडोकपणा असं ठरवून त्यांनी टाकी पार रिकामी केली. त्या पट्ट्यांना निदान आज तरी भार नको. पाहुण्यांसमोर टाकी लोंबलेली दिसायला नको.

वाटेत त्यांनी ही हुशारी बायकोला सांगितली.

"सगळी रिकामी केलीत?" सुमतीबाईंनी विचारलं.

"थेंब ठेवला नाही. हात धुवायला तांब्या घेतलाय."

मिठागरं आणि गावाची खारट पाण्याची विहीर दिसायला लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, गाडी परत फिरवता येईल का?"

"अगं, वेड लागलंय का? हरिहरपंत येऊन बसले असतील."

हरिहरपंत खरंच येऊन बसले होते, आणि समोर चिंचेपर्यंत रांग. "वा, डॉक्टर!" ते म्हणाले. "ठाण्यात एवढी गर्दी मी कुठल्या दवाखान्यात पाहिली नाही!" डॉक्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी घाईघाईने स्टेथोस्कोप कानाला लावला.

पहिली सखुबाई. तिने हंडा बाजूला ठेवला, बाटली सुमतीबाईंपुढे केली आणि डॉक्टरांसमोर पोट धरून कण्हायला लागली. "लय दुखतंय, डागतर."

"कधीपासून?"

तेवढ्यात गाडीच्या मागे तोटीशी गेलेल्या गोदाने हाक घातली. "अगो सखू, तोटीला पानी नाय!"

सखुबाईचं कण्हणं थांबलं. तिने स्टेथोस्कोप हाताने बाजूला सारला, हंडा उचलला. रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघत मागे वळायला लागल्या होत्या. डॉक्टर कधी रांगेकडे, कधी हरिहरपंतांकडे बघत राहिले.

सखुबाई सुमतीबाईंसमोर जाऊन उभी राहिली. रागावलेली नव्हती, नुसती बुचकळ्यात पडलेली होती.

"बाय, पानी नाय, त मंग आज आमी आजारी कशाला पडायचा?"